लॅडी रॉयचे दोन आठवडे

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ वैमानिकाला पॅराशूट मिळत नसे. फुग्यातून टेहळणी करणाऱ्याला मिळे, विमानातल्याला नाही. पॅराशूट जड आहे, कॉकपिटमध्ये मावत नाही, अशी कारणं दिली जात. ते अंगाला बांधलेलं असलं तर वैमानिक लढायचं सोडून लवकर उडी टाकेल, अशी शंकाही काही वरिष्ठांच्या मनात होती. १९१८ च्या उन्हाळ्यात जर्मन वैमानिक पॅराशूट वापरू लागले, तरी इंग्रज वैमानिक युद्ध संपेपर्यंत त्याशिवायच उडत राहिले.

विमान म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड. ते कडक राहावं म्हणून त्यावर रोगण चढवलेलं असे आणि हे रोगण ठिणगी पडली की भडकत असे. पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या अगदी जवळ. आग लागली तर जळत खाली जायचं किंवा स्वतःला बाहेर झोकून द्यायचं, एवढेच दोन मार्ग होते. मिक मॅनॉक हा त्या काळातला नामांकित ब्रिटिश लढवय्या उड्डाण करताना जवळ पिस्तूल ठेवत असे. ते शत्रूसाठी नव्हतं. विमान पेटलंच तर स्वतःसाठी होतं.

अशा विमानांत बसण्यासाठी जे तरुण धडपडत होते, त्यातले पुष्कळ जण नुकतेच शाळेबाहेर पडलेले होते. त्यांच्यातला एक कलकत्त्यात जन्मलेला होता. इंद्रलाल रॉय त्याचं नाव. घरचे आणि मित्र त्याला ‘लॅडी’ म्हणत. पहिल्या महायुद्धात पाच किंवा अधिक शत्रूविमानं पाडून ‘एस’ ठरलेला तो एकमेव भारतीय. त्याच्या नावावर दहा विमानं आहेत आणि ती सगळी जेमतेम दोन आठवड्यांतली आहेत.

लंडनमधलं बंगाली घर

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा. रॉय घराणं मूळचं पूर्व बंगालमधल्या बारिसालकडचं, जमीनदारीचं. वडील प्यारीलाल रॉय कलकत्त्यात नावाजलेले बॅरिस्टर होते. मुलांना विलायती शिक्षण मिळावं म्हणून आई ललिता रॉय १९०१ च्या सुमारास मुलांसह लंडनला आल्या. ललिताबाई नुसतं घर सांभाळून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. १९११ साली पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या वेळी लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठी मिरवणूक निघाली. तीत भारतीय स्त्रियांचा जो गट चालला, तो जमवण्यात त्या पुढे होत्या. थोरला भाऊ परेशलाल मुष्टियोद्धा होता. पुढे भारतात परतल्यावर त्याने हा खेळ असा रुजवला की त्याला भारतीय बॉक्सिंगचा जनक म्हणू लागले.

लॅडी हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला. रग्बी आणि पोहणं या दोन्हींत तो पुढे होता. ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजची शिष्यवृत्तीही त्याने मिळवली होती. यंत्रांचं वेड तर लहानपणापासूनच होतं. शाळेत असतानाच त्याने खंदकातल्या उखळी तोफेचा एक आराखडा काढून युद्धखात्याकडे पाठवला होता.

युद्ध सुरू झालं. परेश लष्करात भरती झाला, पण लॅडीला विमानच हवं होतं. नेत्रतपासणीत त्याला नापास केलं, तेव्हा त्याने आपली मोटरसायकल विकली, त्या पैशांतून लंडनमधल्या एका नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली आणि अनुकूल दाखला मिळवला, अशी हकिकत त्याच्या चरित्रात हमखास सांगितली जाते.

दार किलकिलं झालं

डोळ्यांपेक्षा मोठा अडसर कातडीचा होता. ब्रिटिश सैन्यात अधिकारी व्हायचं तर उमेदवार अस्सल युरोपीय वंशाचा असावा, असा दंडक होता. लाखो भारतीय शिपाई फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढत होते, पण गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा त्यांच्यापैकी कुणालाही नव्हता.

हरदितसिंग मलिक हा रावळपिंडीचा शीख तरुण ऑक्सफर्डला शिकत होता. इंग्लंड घेत नाही म्हणून तो फ्रेंचांसाठी रुग्णवाहिका चालवायला गेला आणि मग फ्रान्सच्या वायुदलातच जागा मिळवू लागला. हे कळताच ऑक्सफर्डमधल्या त्याच्या शिक्षकाने रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश हवाई दलाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. आपल्या साम्राज्यातल्या माणसाला मित्रराष्ट्र घेतं आणि आपण नाकारतो, ही नामुष्की होती. शिवाय १९१७ चा वसंत या दलाला फार जड गेला. एकट्या एप्रिल महिन्यात त्यांनी २४५ विमानं गमावली. वैमानिकांची निकड होती. मलिकला एप्रिल १९१७ मध्ये घेतलं गेलं आणि त्याच महिन्यात अठरा वर्षांचा लॅडीही कॅडेट म्हणून दाखल झाला. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर आणि कलकत्त्याचा एरल सेन हे आणखी दोघे. सगळ्या युद्धात वैमानिक अधिकारी म्हणून लढलेल्या भारतीयांत ही चार नावं ठळक आहेत.

५ जुलै १९१७ ला लॅडी सेकंड लेफ्टनंट झाला. फ्रान्समध्ये व्हांदोमला उड्डाणाचं शिक्षण, स्कॉटलंडमध्ये टर्नबेरीला नेमबाजीचं आणि ३० ऑक्टोबरला थेट आघाडीवर. कॅडेट झाल्यापासून सात महिनेही झाले नव्हते.

नामांकितांच्या पंगतीत

त्याची नेमणूक झाली ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये. ही तुकडी त्या काळी सर्वांत गाजलेली. ‘एस.ई.५’ हे नवं विमान प्रथम तिलाच मिळालं होतं. जेम्स मॅककडनसारखा थंड डोक्याचा लढवय्या तिथे होता. लॅडी पोहोचण्याच्या तीनच दिवस आधी तुकडीने आर्थर ऱ्हिस डेव्हिड्सला गमावलं होतं. पाली भाषेचे प्रख्यात अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांचा हा मुलगा. सप्टेंबरमध्ये त्याने व्हेर्नर फॉस या जर्मन एसला पाडलं, तेव्हा फॉस वीस वर्षांचा होता. ऑक्टोबरमध्ये तो स्वतः गेला, तेव्हा तोही वीसच वर्षांचा होता.

या पंगतीत लॅडी फिका पडला. महिनाभरात त्याच्या नावावर काही जमा झालं नाही. ६ डिसेंबर १९१७ ला त्याचं विमान कोसळलं आणि तो गंभीर जखमी झाला. त्याला मेलेला समजून प्रेतांमध्ये ठेवलं होतं, असं म्हणतात. शुद्धीवर आल्यावर त्याने बंद दारावर धक्के मारले आणि आवाज ऐकून तिथला माणूस हादरला, ही कथा या अपघाताला जोडून सांगतात. तिच्यातलं तिखटमीठ वजा केलं तरी एवढं नक्की उरतं, की तो मरणाच्या दारातून परत आला होता आणि तुकडीच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य होता. त्याला पुन्हा प्रशिक्षण द्यावं, असं ठरलं.

दवाखान्यात पडल्या पडल्या तो विमानांची चित्रं काढत असे. त्यातली बरीच आजही जपलेली आहेत. डॉक्टरांनी त्याला उड्डाणासाठी अपात्र ठरवलं होतं. त्याने पाठपुरावा सोडला नाही आणि अखेर पात्रतेचा शेरा मिळवला.

कॉकपिटमधलं काम

त्याला नेमकं काय पुन्हा शिकायचं होतं, ते विमानात डोकावल्याशिवाय कळणार नाही.

एस.ई.५ए हे एका माणसाचं, दोन पंखांचं विमान. वेग ताशी २२० किलोमीटरच्या आसपास. वर छप्पर नाही, गरम हवेची सोय नाही, प्राणवायूची नळी नाही. पंधरा हजार फुटांवर जुलै महिन्यातही थंडी हाडांत शिरते, म्हणून वैमानिक तोंडाला चरबी फासत. गळ्याला रेशमी रुमाल असे, तो मिरवण्यासाठी नव्हे. शत्रू कुठून येतो हे पाहायला मान सतत फिरवावी लागे आणि जाड्याभरड्या गणवेशाची कॉलर मानेची सालटी काढी.

बंदुका दोन. एक व्हिकर्स, इंजिनावर बसवलेली. ती फिरत्या पंख्यामधून गोळ्या झाडे. पंख्याचं पातं समोर आलं की गोळी थांबावी, अशी यंत्रणा इंजिनाला जोडलेली होती. दुसरी लुईस, वरच्या पंखावर. हिच्या गोळ्या एका गोल डब्यात भरलेल्या असत. एका डब्यात ९७ गोळ्या. घोडा सलग दाबून धरला तर दहा-बारा सेकंदांत डबा रिकामा. मग वैमानिकाने विमानाचा दांडा गुडघ्यांत धरायचा, लुईस वाकड्या रुळावरून स्वतःकडे ओढून खाली आणायची, समोरून झोडपणाऱ्या वाऱ्यात रिकामा डबा काढायचा, जड हातमोज्यांनी नवा बसवायचा आणि बंदूक पुन्हा वर ढकलायची. एवढा वेळ मागे कोण आहे, याकडे लक्ष द्यायला डोळा मोकळा नसे. हे काम किती बेभरवशाचं होतं, ते १९१५ साली लुईस स्ट्रेंज या वैमानिकाने अनुभवलं होतं. त्याच्या विमानातल्या बंदुकीचा डबा अडकला, तो काढायला स्ट्रेंज उभा राहिला आणि विमान उलटलं. जो डबा निघावा म्हणून तो ओढत होता, त्यालाच धरून तो हवेत लोंबकळत राहिला. धडपडून पाय पुन्हा आत घालता आले, म्हणून वाचला.

व्हिकर्स वारंवार अडके. ती ठोकून सुरू करायला वैमानिक हातोडी जवळ ठेवत. अशी सगळी कामं करत असतानाच समोरचं विमान जवळ येऊ द्यायचं. नवशिका तीनशे यार्डांवरून गोळ्या सोडून मोकळा होई, मुरलेला शंभर यार्डांच्या आत शिरल्याशिवाय बोट हलवत नसे. सूर्य पाठीशी ठेवून वरून झेपावायचं, एक फैर झाडायची आणि झटापटीत न अडकता पुन्हा उंची गाठायची, हे गणित होतं.

वाराही इंग्रजांच्या बाजूचा नव्हता. फ्रान्समध्ये तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो. झुंजता झुंजता सगळी विमानं पूर्वेला, म्हणजे जर्मन हद्दीत सरकत. इंजिनाला गोळी लागलेल्या जर्मनाच्या पायाखाली त्याचीच जमीन असे. इंग्रजाला तेच दुखणाईत इंजिन घेऊन वाऱ्याविरुद्ध घर गाठावं लागे.

यातलं थोडंच शाळेत शिकवता येई. बाकीचं शिकवणारा माणूस आकाशातच भेटावा लागे.

मॅकेलरॉयची शाळा

जून १९१८ मध्ये लॅडी ४० व्या स्क्वाड्रनमध्ये आला.  एव्हाना रॉयल फ्लाइंग कोअर आणि आरमाराचं हवाई दल एकत्र होऊन १ एप्रिलपासून ‘रॉयल एअर फोर्स’ झालं होतं. लॅडीचा फ्लाइट कमांडर होता कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय, डब्लिनचा आयरिश. मॅकेलरॉयचीही सुरुवात अडखळतच झाली होती. त्याला मॅनॉकने घडवलं होतं. मॅनॉक नवख्यांना एकटं सोडत नसे. आधी त्यांना घेऊन फिरायचं, शत्रू कसा दिसतो ते दाखवायचं, पहिली शिकार त्यांच्या पुढ्यात आणून द्यायची, ही त्याची पद्धत. तीच मॅकेलरॉयने पुढे चालवली. ज्याला एका तुकडीने निकामी ठरवलं, तो लॅडी आता या परंपरेत आला.

६ जुलैला द्रोकूरच्या वर त्याने पहिलं विमान पाडलं, हॅनोव्हर जातीचं दोन माणसांचं. दोन दिवसांनी, ८ जुलैला, चार तासांच्या आत तीन. १३ ला दोन. १५ ला पुन्हा दोन आणि दोन्ही फॉकर डी-७. हे जर्मनांचं सर्वोत्तम लढाऊ विमान. युद्धबंदीच्या करारात ते जातीचं नाव घेऊन मागून घेण्यात आलं, यावरून त्याची धास्ती कळावी. १८ ला एक, १९ ला आणखी एक. चौदा दिवसांत दहा.

हा आकडा वाचताना तो कसा मोजला जाई, हे माहीत असलेलं बरं. लढाई जर्मन हद्दीत होई, त्यामुळे पडलेलं विमान हाताशी येत नसे. वैमानिकाने खाली आल्यावर तोंडी हकिकत सांगायची, सोबत्यांनी दुजोरा द्यायचा. डोळ्यांदेखत जळालं किंवा जमिनीवर आपटलं, तर ‘नष्ट’. गिरक्या खात ढगांत दिसेनासं झालं, तर ‘ताबा सुटलेलं’. दोन्ही विजयच धरले जात. लॅडीचे निम्मे विजय पहिल्या प्रकारातले आहेत, निम्मे दुसऱ्या. दोघांनी मिळून पाडलेलं विमान दोघांच्याही खात्यात जाई. त्याच्या सन्मानपत्रात तेरा दिवसांत नऊ विमानं, असा उल्लेख आहे. पुढच्या अभ्यासकांनी नोंदी तपासून दहा विजय धरले. म्हणजे प्रत्यक्ष किती जर्मन विमानं कायमची निकामी झाली, हा वेगळा प्रश्न. पण हीच फूटपट्टी सगळ्या ब्रिटिश वैमानिकांना लावली जात होती आणि तिच्यावर सात महिन्यांपूर्वीचा नापास मुलगा आता अव्वल उतरला होता.

२२ जुलै

२२ जुलै १९१८ ला कारव्हँच्या वर त्याची गाठ जर्मनांच्या २९ व्या यास्टाच्या, म्हणजे लढाऊ तुकडीच्या, फॉकर डी-७ विमानांशी पडली. झटापटीत त्याचं विमान पेटलं आणि कोसळलं. वय एकोणीस वर्षं, सात महिने, वीस दिवस. एकूण उड्डाण सुमारे १७० तासांचं.

तो अननुभवी म्हणून गेला, असं म्हणता येत नाही. जुलै महिन्याची यादीच पाहा. ९ तारखेला मॅककडन विमान अपघातात गेला, त्याच्या नावावर ५७ विमानं होती. २२ ला रॉय. २६ ला मॅनॉक, जमिनीवरून झालेल्या गोळीबारात. ३१ ला मॅकेलरॉय, तोही तसाच. त्याच्या नावावर चाळीसच्या वर विमानं होती. शिष्य, गुरू आणि गुरूचा गुरू दहा दिवसांत संपले. चांगल्या शिक्षणाने वैमानिक पहिल्या काही आठवड्यांतलं मरण टाळू शके. त्यानंतर मात्र रोज दोनदा-तीनदा वर जायचंच असे आणि दिवस जितके जास्त, तितकी शक्यता घसरत जाई. माणूस मेला, जखमी झाला, पकडला गेला किंवा फार थकला म्हणून परत पाठवला गेला, तरच त्याची सुटका होई.

सप्टेंबर १९१८ मध्ये लॅडीला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झालं. हे पदक मिळालेला तो पहिला भारतीय. उत्तर फ्रान्समध्ये एतव्हेलच्या गावदफनभूमीत त्याचं थडगं आहे. त्यावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत: ही वीराची समाधी आहे, तिचा मान राखा, तिला हात लावू नका, अशा आशयाची. कोलकात्यात भवानीपूरला त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि १९९८ साली, जन्मशताब्दीला, भारतीय टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं.

चौघांचं काय झालं

मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकरचं नाव मराठी वाचकालाही क्वचित ठाऊक असतं. केंब्रिजला शिकलेला हा तरुण २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान चालवत होता. जून १९१८ च्या अखेरीस तो गस्तीवरून परतला नाही. जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती लागला आणि ३० जूनला गेला. लॅडीच्या पहिल्या विजयाच्या सहाच दिवस आधी. नोंदीत त्याच्या नावाची इतकी मोडतोड झाली होती की त्याचं थडगं कोणतं, हे ठरायलाच वेळ लागला. फ्रान्समध्ये हांगारच्या दफनभूमीत तो आहे. एरल सेन सप्टेंबर १९१७ मध्ये शत्रूच्या हद्दीत उतरावं लागल्याने युद्धकैदी झाला. हरदितसिंग मलिक ऑक्टोबर १९१७ मध्ये पायात गोळ्या घेऊन कसाबसा परतला. तो पुढे सनदी सेवेत गेला, स्वतंत्र भारताचा राजदूत झाला आणि १९८५ पर्यंत जगला. चौघांपैकी दोघे मेले, एक कैदेत गेला, एक जखमी झाला. यातून सुखरूप कुणीही सुटलं नाही.

लॅडी रॉयची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती शौर्याची म्हणून आणि ते शौर्य खरंच आहे. पण तिच्यात दुसरंही एक काही स्पष्ट दिसतं. घाईत शिकवून आघाडीवर ढकललेला लॅडी आणि मॅकेलरॉयच्या हाताखाली तयार झालेला लॅडी एकच होता. त्याचे डोळे तेच होते, रंग तोच होता, धाडसही तेच होतं. फरक पडला तो शिक्षणाने. भारतीय माणूस यंत्रं हाताळू शकेल का, हुकूम देऊ शकेल का, या साहेबी शंकेला जुलै १९१८ मध्येच उत्तर मिळालं होतं. सरकारने ते ऐकायला बारा वर्षं घेतली. क्रॅनवेलच्या वायुदल अकादमीत भारतीय तरुणांना प्रवेश मिळायला १९३० साल उजाडलं. भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ला झाली आणि त्याची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीत चार वापिती विमानांनिशी उभी राहिली.